दहा दारं, दहा परीक्षक

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला येणारी मुलगी ‘नीट’ नावाच्या एका परीक्षेतून आलेली असते. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. गुणांवरून क्रमांक लागतो, क्रमांकावरून यादी लागते आणि यादीवरून महाविद्यालय ठरतं. कागदपत्रं तपासणारा लिपिक तिला भेटतो, शुल्काची पावती देणारा भेटतो. पण ती समोरच्याचं ऐकून घेते का, चूक झाली तर कबूल करते का, अनोळखी माणसाशी कशी वागते, हे प्रवेशाआधी एकाही डॉक्टरनं पाहिलेलं नसतं. पुढे मात्र तिच्यासमोर झरी-जामणीचा कोलाम म्हातारा येणार असतो, उमरखेडची बाळंतीण येणार असते, फवारणीच्या शेतातून उचलून आणलेला दारव्ह्याचा मजूर येणार असतो.

जगातल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत अशा मुलीला गुणांची चाळण पार केल्यावर एका व्हरांड्यात उभं करतात. समोर ओळीनं आठ-दहा बंद दारं. प्रत्येक दारावर एक कागद. घंटा वाजली की कागद वाचायचा, पुन्हा वाजली की आत जायचं. पुढच्या घंटेला बाहेर पडून शेजारच्या दारासमोर उभं राहायचं. बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ‘स्पॉटिंग’ केलेल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की इथे टेबलावर बाटलीतला नमुना नसतो, खुर्चीत जिवंत माणूस असतो. या पद्धतीचं नाव मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, थोडक्यात एमएमआय. प्रत्येक खोलीला म्हणतात स्टेशन.

मुलाखतीवरचा विश्वास का उडाला

आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशाला मुलाखत नव्हती असं नाही. तत्कालीन म्हैसूर राज्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी मुलाखतीला २५ टक्के वजन होतं, आणि १९६४ साली चित्रलेखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते ग्राह्यही धरलं. चित्र पालटलं ते १९८० च्या नोव्हेंबरात. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. लेखीत मागे असलेली मुलं मुलाखतीच्या जोरावर आत गेली, पुढे असलेली बाहेर राहिली. तक्रार अशी होती की एकेकाची मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटं चालली आणि त्यात वडील काय करतात, राहता कुठे असलेच प्रश्न विचारले गेले. अजय हासिया या नावानं गाजलेल्या त्या निकालात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठानं म्हटलं, की मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरेल; शिवाय मुलाखती टेपवर ध्वनिमुद्रित केल्या तर बरं.

महाराष्ट्रात तर ‘मुलाखत’ म्हटलं की लोकांना देणगी आठवायची. विनाअनुदानित महाविद्यालयं निघू लागली त्या काळात कॅपिटेशन फीचा इतका बोलबाला झाला की १९८७ साली तिला बंदी घालणारा कायदा करावा लागला. ज्याच्या मागे कुणी नाही अशा पालकाला तेव्हापासून एकच गोष्ट भरवशाची वाटते: छापील गुण. नीटच्या पेपरवरून कितीही वाद झाले तरी ‘गुण नकोत, मुलाखत घ्या’ असं पुसदचा शेतकरी बाप म्हणणार नाही. त्याचं म्हणणं समजून घेतल्याशिवाय या विषयावर पुढे बोलता येत नाही.

तरीही माणूस पारखून घेण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांतला एक यवतमाळच्या शेजारीच, वर्धा जिल्ह्यात. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधीविचाराचा पेपर असायचा. नव्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात राहावं लागे, गाव दत्तक घ्यावं लागे. तमिळनाडूतलं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज निवडक उमेदवारांना काही दिवस आवारात ठेवून घ्यायचं. गटात कामं द्यायचं, मुलाखती घ्यायचं. नीट सक्तीची झाली आणि दोन्हीकडची ही दारं बंद झाली. वेल्लोरच्या महाविद्यालयानं न्यायालयात बरीच वर्षं लढा दिला. २९ एप्रिल २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं नीट सर्वांना लागू असल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात अपवाद उरला तो पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा. तिथे नीटच्या गुणांवर बोलावलेल्या मुलांची इंग्रजी व तर्काची चाचणी होते, मानसशास्त्रीय चाचणी होते आणि मुलाखतही होते.

हॅमिल्टनमधली शंका

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातल्या मॅकमास्टर विद्यापीठाला वेगळीच अडचण होती. तिथे मुलाखती प्रामाणिकपणे होत होत्या, वशिल्याचा प्रश्न नव्हता. तरीही त्या भरवशाच्या नव्हत्या. एका मंडळाला आवडलेला उमेदवार दुसऱ्या मंडळाला सामान्य वाटे. केव्हिन इव्हा, जॅक रोझेनफेल्ड, हॅरॉल्ड रायटर आणि जेफ्री नॉर्मन यांनी याचं कारण शोधताना डॉक्टरांच्याच परीक्षेकडे पाहिलं. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली ‘ऑस्की’ मांडली होती. एका रुग्णावर, एका परीक्षकासमोर विद्यार्थ्याचं भवितव्य ठरू नये म्हणून त्यांनी त्याला अनेक छोट्या टेबलांवरून फिरवलं. हॅमिल्टनच्या मंडळींनी तीच रचना प्रवेशाच्या दारात आणली. दहा स्टेशनं, प्रत्येकी आठ मिनिटं, मध्ये दोन मिनिटं कागद वाचायला. ११७ उमेदवारांवरचा प्रयोग त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केला.

खोल्यांमधले प्रसंगही त्यांनी छापले, आणि त्यांत वैद्यकाचं ज्ञान जवळजवळ कुठेच लागत नव्हतं. एका प्रसंगात तुम्ही गाडी मागे घेताना शेजारच्या महागड्या गाडीचा दिवा फोडला आहे. आत गाडीचा मालक बसला आहे, त्याला जाऊन सांगा. मालक म्हणजे नट. तो चिडतो, ओरडतो. उमेदवार सबबी सांगतो, उलट ओरडतो की चूक पदरात घेऊन पुढचं बोलतो, हे कोपऱ्यातला परीक्षक पाहतो.

हिशेब काय सांगतो

पद्धतीचा कणा मात्र नटांत नाही, हिशेबात आहे. परीक्षेची विश्वसनीयता शून्य ते एक अशी मोजतात. तीच मुलं पुन्हा बोलावली, प्रसंग नि परीक्षक बदलले, तर पहिलाच क्रम किती टिकेल, याचा हा अंदाज. हॅमिल्टनच्या दहा स्टेशनांची मिळून विश्वसनीयता आली ०.६५. चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राऊन यांनी १९१० साली स्वतंत्रपणे दिलेल्या सूत्रानं उलटं गणित केलं, तर एकट्या स्टेशनची विश्वसनीयता निघते सुमारे ०.१६. म्हणजे एका खोलीतल्या आठ मिनिटांवर विसंबलात तर चिठ्ठ्या टाकल्यापेक्षा फार बरं काही हाती लागत नाही. पाच खोल्यांना ती ०.४८ च्या आसपास जाते, दहांना ०.६५, वीस केल्या तर ०.७९. सुरुवातीच्या खोल्या भराभर फायदा देतात, पुढच्या हळूहळू.

मग एकाच खोलीत दहा परीक्षक बसवले तर? आपल्या निवड मंडळांची रीत तीच; टेबलामागे पाच-सहा जण आणि समोर घामाघूम उमेदवार. पण हॅमिल्टनच्या अभ्यासात दिसलं की परीक्षक वाढवण्यापेक्षा खोल्या वाढवल्यानं फायदा जास्त. कारण माणूस प्रसंगागणिक बदलतो. चिडलेल्या गाडीमालकासमोर शांत राहणारी मुलगी, सोबत्याला काम समजावून सांगताना अधीर होऊ शकते. एकाच प्रसंगात तिला पाहणारे दहाही परीक्षक एकाच अर्धवट चित्राला गुण देतात. शिवाय पहिल्या मिनिटात झालेलं मत पुढच्या उत्तरांवर सावली टाकतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० सालीच हा दोष दाखवला होता. स्टेशन पद्धतीत ती सावली दाराबाहेर जात नाही. तिसऱ्या खोलीत फजिती झाली तरी चौथ्या खोलीतल्या परीक्षकाला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून या पद्धतीनं परीक्षकांना माणूस ओळखण्याची दिव्य दृष्टी दिली असं समजू नये. प्रत्येक परीक्षक चुकणारच असं तिनं धरूनच चाललं आहे, आणि ती चूक दहा वाटांनी वाटून टाकली आहे. हे हॅमिल्टनला गरजेचं होतं. पण अजय हासिया निकालाची आठवण असलेल्या आपल्या देशात ते अधिक मोलाचं आहे, कारण वशिलाही एक प्रकारची चूकच आहे आणि तीही या हिशेबात दहाव्या हिश्श्यावर येते.

याचा पुढे उपयोग झाला का, हेही तपासलं गेलं. मॅकमास्टरनं घेतलेले आणि मॅकमास्टरनं नाकारून दुसरीकडे डॉक्टर झालेले, अशा दोन्ही गटांची कॅनडाच्या राष्ट्रीय परवाना परीक्षेतली कामगिरी पुढे ताडून पाहिली. घेतलेल्यांचे गुण सरस निघाले. २०१२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. त्याआधीच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, इस्रायल इथे स्टेशनांची पद्धत पोहोचली होती. दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, पशुवैद्यक अशा शाखांनीही ती उचलली.

यवतमाळचं एक स्टेशन

हॅमिल्टनचा गाडीचा प्रसंग मात्र जसाच्या तसा घाटंजीत आणून चालणार नाही. ज्या मुलीच्या घरी बैलबंडी आहे तिला परदेशी गाडीच्या फुटलेल्या दिव्यावरून जोखणं म्हणजे तिच्या स्वभावाऐवजी तिची ऐपत मोजणं. प्रसंग त्या मातीतला हवा. यवतमाळसाठी एक कल्पून पाहू.

२०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. उंच वाढलेलं पीक, दमट उष्मा, तोंडाला फार तर फडकं, दोन-तीन कीटकनाशकांचं एकत्र मिश्रण. दारावरचा कागद त्यावर आधारलेला असेल: ‘तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात मदतनीस आहात. नर्स उपचाराच्या तयारीत आहे, डॉक्टर पाच मिनिटांत पोहोचतील. आत एक मजूर बसला आहे. शेतमालक त्याला सोडून गेला. त्याच्याशी बोला आणि डॉक्टरांना काय सांगाल ते ठरवा. उपचार करणं तुमचं काम नाही.’

आत वऱ्हाडी बोलणारा स्थानिक कलाकार. बनियन भिजलेलं, नजर खाली.

“काय होतंय काका?”

“काई नाई. डोकं गरगरून रायलं. डोयाले अंधारी येऊन रायली.”

इथे वाटा फुटतात. एक उमेदवार विचारतो, “दारू घेतली का सकाळी?” कलाकाराला सूचना आहे की पहिलाच प्रश्न दारूचा आला तर ‘नाई’ म्हणून गप्प बसायचं. उरलेली सात मिनिटं उमेदवार ओढाताण करत राहतो. दुसरी मुलगी खुर्ची जवळ ओढते आणि विचारते, “कधीपासून होतंय? सकाळी कुठं होता?”

“वावरात. पऱ्हाटीवर फवारनी करत होतो.”

“काय फवारत होता?”

“मालकानं दोन डब्ब्यातलं मिसळून देल्लं.”

“डबे कुठं आहेत?”

“वावरातच हायेत.” मग जरा थांबून, “पोरी, मालकाले सांगू नको हं मी बोललो म्हून. उद्या काम नाई भेटनार.”

खरी परीक्षा या वाक्यानंतर सुरू होते. ‘नाही सांगत’ असं पटकन म्हणून टाकणं सोपं आहे. ‘सांगावंच लागेल’ असं खडसावणंही सोपं. मालकाकडे तुमचं नाव निघणार नाही याची काळजी घेऊ, पण कोणतं औषध होतं ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे, नाहीतर उपचार चुकेल, आणि ते डबे कुणाला तरी आणायला पाठवू या, असं त्याला पटेल अशा शब्दांत सांगणं अवघड. परीक्षकाच्या गुणपत्रिकेत ऑर्गनोफॉस्फेट किंवा अॅट्रोपीन या शब्दांना एकही गुण नसेल. ते पुढे महाविद्यालय शिकवणार आहे. गुण असतील ते आधी दोष न देण्याला, उपयोगाची माहिती काढण्याला, खोटं वचन न देण्याला.

बाकीची दारंही याच चालीवर रचता येतात. एका खोलीत दोन उमेदवार पाठमोरे बसतील. एकाच्या हाती चित्र, दुसऱ्यानं केवळ ऐकून ते काढायचं. एका खोलीत फक्त कोलामी बोलणारी आजी. तिला गोळी केव्हा घ्यायची ते हातवाऱ्यांनी समजावायचं. आणखी एका खोलीत नट नसेल, साधा प्रश्न असेल: गावात एकच रुग्णवाहिका आहे आणि दोन फोन आले, कसं ठरवाल?

पद्धत अडते कुठे

पहिली अडचण संख्येची. नीटला वीस लाखांहून अधिक मुलं बसतात. दहा-दहाच्या फेऱ्या केल्या आणि एक फेरी शंभर मिनिटांची धरली तर दोन लाख फेऱ्या होतात. दिवसाला चार फेऱ्या घेणारी पाचशे केंद्रं उभी केली तरी शंभर दिवस लागतील. हे शक्य नाही. गुणांची चाळण आधी लावून एका महाविद्यालयाच्या दीडशे जागांसाठी तिप्पट म्हणजे साडेचारशे मुलं बोलावली, तर मात्र ४५ फेऱ्या होतात. तीन व्हरांड्यांत एकाच वेळी चालवल्या तर चार दिवसांत आणि तीस परीक्षकांत काम भागतं. चाचपडायला ही संख्या फार मोठी नाही.

दुसरी अडचण बुजऱ्या मुलांची. अमेरिकेत डेव्हिसच्या वैद्यकीय विद्यालयातल्या अभ्यासात, २०१२ साली, दिसलं की बहिर्मुख स्वभावाच्या उमेदवारांना अशा स्टेशनांत जास्त गुण पडतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘गप्प बस’ ऐकत वाढलेल्या, पहिल्यांदाच इतक्या अनोळखी मोठ्या माणसांशी बोलणाऱ्या मुलीला हे महागात पडेल. इंग्रजीतून घेतली तर आणखीच. चित्र काढण्यासारखी, ऐकण्याची, हातानं करण्याची स्टेशनं वाढवणं आणि भाषा उमेदवाराला निवडू देणं, हे त्यावरचे उपाय. पूर्ण उतारा नव्हेत.

तिसरी गोष्ट ओळखीची. यवतमाळसारख्या शहरात आडनाव ऐकलं की गाव, जात, नातेवाईक सगळं कळतं. म्हणून परीक्षकाला फक्त क्रमांक दिसावा, आणि मूल ओळखीचं निघालं तर त्यानं त्या फेरीपुरतं उठून जावं. एक स्टेशन वगळून उरलेल्या नवांची सरासरी घेता येते. एकाच मंडळाच्या मुलाखतीत ही सोय नसते.

आणि शिकवण्या? त्या निघणारच; लातूर-नांदेडला ‘स्टेशन बॅच’ सुरू व्हायला एक हंगाम पुरेल. पण प्रश्न फुटल्यानं काय होतं ते हॅमिल्टनच्याच संशोधकांनी २००६ साली मुद्दाम तपासलं. प्रसंग आधी माहीत असलेल्यांचे गुण वाढले नाहीत. गाडीचा दिवा फुटला आहे हे आदल्या दिवशी कळलं म्हणून चिडलेल्या माणसासमोर शांत राहणं आपोआप येत नाही.

दारात नाही तर अंगणात

कायद्याची चौकट पाहता यवतमाळला उद्या कुणी दहा दारं लावून प्रवेश देणार नाही, आणि पुसदच्या त्या बापाचा विश्वास बसेपर्यंत देऊही नये. पण स्टेशन ही गोष्ट इथल्या वैद्यकीय शिक्षणाला परकी राहिलेली नाही. २०१९ पासून देशभर लागू झालेल्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे; पहिल्या वर्षाच्या आरंभी पायाभूत अभ्यासक्रम आहे; गावातली कुटुंबं दत्तक घेण्याची योजना आहे. ऑस्की आता विद्यार्थ्यांच्या बोलण्यातला रोजचा शब्द आहे. आणि जे ब्रिटनला जायचं ठरवतात त्यांना मँचेस्टरमध्ये प्लॅब-२ द्यावी लागते: १६ प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं. प्रवेशाला ज्या व्हरांड्यातून जावं लागलं नाही, तो त्यांना डॉक्टर झाल्यावर गाठतो.

मग सुरुवात प्रवेश झाल्यानंतरच करावी. पायाभूत अभ्यासक्रमाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या नव्या विद्यार्थ्यांना दहा दारांतून फिरवावं. त्या गुणांवर काहीही ठरू नये. ते बंद पाकिटात ठेवावेत, विद्यार्थ्याला फक्त कुठे अडखळला ते सांगावं. साडेचार वर्षांनी तोच विद्यार्थी इंटर्न म्हणून वॉर्डात उभा राहील तेव्हा नर्स, वरिष्ठ डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून त्याच्या वागण्याची नोंद घ्यावी, पाकीट उघडावं आणि शेजारी नीटचे गुण ठेवावेत. कोणत्या आकड्यानं इंटर्नबद्दल जास्त खरं सांगितलं, ते दोन-तीन तुकड्यांत दिसू लागेल. हॅमिल्टनच्या मंडळींनीही आधी मोजलं, मग बदललं. यवतमाळनं असं मोजलं तर पुसदच्या बापापुढे ठेवायला निदान काही पुरावा असेल, आणि त्यानं विचारलं की ‘यात आमच्या पोरीचं नुकसान तर नाही ना?’ तर उत्तर कॅनडातून आणावं लागणार नाही.